निवेदन कशाचे द्यावे?

अमेरिकी काँग्रेसला ऑगस्टमध्ये सुट्टी लागली की प्रतिनिधिगृहाचे सदस्य आणि सिनेटर आपापल्या मतदारसंघांत परततात आणि ग्रामीण भागात बैठकांचा हंगाम सुरू होतो. आयोवाचे सिनेटर चक ग्रासली १९८१ पासून दरवर्षी राज्यातल्या सगळ्या ९९ काउंट्यांना, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांना, भेट देत आले आहेत. त्यांच्या विरुद्ध पक्षाचे, ओरेगॉनचे रॉन वायडेन आपल्या ३६ काउंट्यांत दरवर्षी जाहीर सभा घेतात. अशा दौऱ्यांत काउंटी कमिशनर, छोट्या गावांचे महापौर, शेरीफ, रुग्णालयाचे प्रशासक आणि शाळांचे अधीक्षक टेबलाभोवती बसतात आणि गाऱ्हाणी मांडतात. पाण्याची पाइपलाइन जुनी झाली आहे, पूल अवजड वाहनांना बंद करावा लागला आहे, इंटरनेट पोचलेले नाही, प्रसूतीसाठी दूरच्या शहरात जावे लागते. शेवटी निवेदन दिले जाते, एकत्र फोटो निघतो आणि गाडी पुढच्या गावाला लागते. हे दृश्य मराठी वाचकाला परके वाटणार नाही. प्रश्न एवढाच की अशा बैठकीतून हाती काय लागते आणि काय लागायला हवे. कामांची यादी हा या निवेदनातला सर्वांत कमी टिकणारा भाग असतो, असे माझे म्हणणे आहे. केंद्राचा कोणता नियम आपल्या गावात येऊन कुठे अडतो, याची नेमकी माहिती स्थानिक अधिकाऱ्याजवळ असते आणि ती वॉशिंग्टनमध्ये कुणाजवळच नसते. बैठकीत ती मांडली गेली तर फायदा एका गावापुरता राहत नाही.

मुळात अमेरिकेतल्या गावाला केंद्राच्या दारात जावे का लागते, हे आधी पाहायला हवे. अमेरिकेच्या राज्यघटनेत स्थानिक स्वराज्य संस्थांचा उल्लेखही नाही. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये मांडलेले तत्त्व बऱ्याच राज्यांत अजून चालते: काउंटी आणि नगरे ही राज्याची अपत्ये आहेत आणि राज्य देईल तेवढेच अधिकार त्यांना मिळतात. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे मालमत्ता कर. शहरात जमिनीला भाव असतो, इमारती असतात, दुकाने असतात, म्हणून कर जमतो. विरळ वस्तीच्या काउंटीत रस्ते लांब असतात, पाइपलाइन लांब असते आणि कर देणारी घरे मात्र थोडी असतात. २०२० च्या जनगणनेनुसार देशाची २० टक्के लोकसंख्या, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख माणसे, ग्रामीण भागात राहतात. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ सदस्यांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ७ लाख ६० हजार लोक येतात. ग्रामीण मतदारसंघात एवढी माणसे जमवायची तर कित्येक काउंट्या एकत्र बांधाव्या लागतात. त्यामुळे एका काउंटीच्या वाट्याला वर्षात त्या सदस्याचे काही तास आले तरी खूप. या तासांत काय बोलायचे, हा म्हणूनच गंभीर प्रश्न आहे.

पश्चिमेकडच्या राज्यांत या दुखण्याला आणखी एक पदर आहे. देशातली सुमारे २८ टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. नेवाडात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जाते. या जमिनीवर काउंटीला कर लावता येत नाही, पण तिच्यातून जाणारे रस्ते, तिथे हरवलेल्या पर्यटकांचा शोध, आगीची पहिली धावपळ हे सगळे स्थानिक यंत्रणेच्याच अंगावर पडते. १९०८ च्या कायद्याने राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा रस्ते आणि शाळांसाठी स्थानिक संस्थांना मिळू लागला. १९९० नंतर घुबडाच्या एका दुर्मीळ जातीचे संरक्षण आणि वनधोरणातले बदल यांमुळे वायव्येकडची सरकारी वृक्षतोड झपाट्याने घटली आणि तिच्याबरोबर हा हिस्साही आटला. तेव्हा ओरेगॉनचे वायडेन आणि आयडाहोचे लॅरी क्रेग या दोन पक्षांच्या सिनेटरांनी मिळून २००० मध्ये भरपाईचा कायदा आणला. त्याचा लाभ सातशेहून अधिक काउंट्यांना मिळाला. पण कायद्याला मुदत होती. ती संपली की पुन्हा वॉशिंग्टनच्या खेपा, पुन्हा निवेदने, पुन्हा काही वर्षांची वाढ. दरम्यान रक्कमही घटत गेली. ओरेगॉनच्या डग्लस काउंटीत २०१६ मध्ये मतदारांनी वाचनालयासाठीचा जादा कर फेटाळला आणि २०१७ मध्ये काउंटीने आपली सगळी वाचनालये बंद केली. पुढे तिथल्या शहरांनी आणि स्वयंसेवकांनी त्यांतली काही पुन्हा उघडली. वनांच्या उत्पन्नावर कधी काळी गबर असलेल्या काउंटीची ही अवस्था होती. अशा काउंटीच्या कमिशनरने वाचनालयाच्या इमारतीसाठी पैसे मागितले तर ती मागणी चुकीची नाही. पण त्याचे खरे दुखणे आहे दर काही वर्षांनी मुदत संपणारा कायदा.

आता पैसा प्रत्यक्षात कसा वाहतो ते पाहू. केंद्राकडून स्थानिक कामांसाठी निघणाऱ्या निधीचा मोठा भाग स्पर्धेने वाटला जातो. कृषी खात्याची ग्रामीण विकास शाखा दहा हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना पाणी आणि सांडपाण्याच्या योजनांसाठी कर्ज आणि अनुदान देते; शिवाय वाहतूक, पर्यावरण, वाणिज्य अशा प्रत्येक खात्याच्या वेगवेगळ्या योजना आहेत. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, मुदत वेगळी, निकष वेगळे. अर्ज करण्याआधी केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते आणि ती दरवर्षी नवी करावी लागते. अभियंत्याचा प्राथमिक अहवाल लागतो, पर्यावरणाची तपासणी लागते, खर्च आणि लाभाचा हिशेब लागतो. रस्त्यांच्या कितीतरी योजनांत खर्चाचा पाचवा हिस्सा गावाने उभा करायचा असतो. आपल्याकडच्या लोकवर्गणीसारखाच हा प्रकार, पण रक्कम डॉलरमध्ये आणि मोठी. अनेक अनुदाने आधी खर्च करा, मग परत घ्या या तत्त्वावर चालतात. ज्या गावाची गंगाजळीच तुटपुंजी आहे ते हा आधीचा खर्च कशातून करणार? शहराच्या महापालिकेत हे सगळे पाहायला स्वतंत्र विभाग असतो. छोट्या गावात महापौर अर्धवेळ असतो आणि एकच कारकून पाण्याची बिले, सभेचे इतिवृत्त आणि निवडणुकीची कागदपत्रे सांभाळतो. मोन्टानातल्या हेडवॉटर्स इकॉनॉमिक्स या संशोधन संस्थेने देशभरातल्या स्थानिक संस्थांच्या क्षमतेचा नकाशाच तयार केला आहे. अर्ज करण्याची, निधी मिळवून तो राबवण्याची ताकद कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्यावर दिसते. अशा गावांना पैशाची गरज आहेच, पण तो मागता यावा यासाठी लागणारी माणसे हीच त्यांची पहिली गरज आहे.

या अडचणीवर काँग्रेसच्या सदस्यांनी काढलेला जुना तोडगा म्हणजे इअरमार्क. अर्थसंकल्पीय कायद्यातच अमुक गावाच्या अमुक कामाला इतके डॉलर असे लिहून घ्यायचे, म्हणजे स्पर्धेची कटकट नाही. या वाटेची बदनामीही तितकीच मोठी आहे. अलास्कातल्या केचिकन शहरापासून ग्राविना बेटापर्यंतच्या पुलासाठी २००५ मध्ये सुमारे २२.३ कोटी डॉलर राखून ठेवले गेले. बेटावर विमानतळ होता, पण रहिवासी पन्नासच्या आसपास. 'कुठेच न जाणारा पूल' म्हणून तो देशभर गाजला आणि २००७ मध्ये बेत सोडून द्यावा लागला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधिगृह सदस्य रँडी कनिंगहॅम यांनी संरक्षण कंत्राटदारांकडून २४ लाख डॉलरची लाच घेतल्याचे कबूल केले आणि राजीनामा दिला. अशा प्रकरणांमुळे २०११ मध्ये काँग्रेसने इअरमार्क बंद केले. २०२१ मध्ये ते नव्या नावाने आणि कडक अटींसह परतले: मागणी संकेतस्थळावर जाहीर करायची, त्यात आपला किंवा कुटुंबाचा आर्थिक लाभ नाही हे लिहून द्यायचे, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना पैसे द्यायचे नाहीत आणि गावाचा पाठिंबा असल्याचा पुरावा जोडायचा. छोट्या गावांना याचा उपयोग झाला. पण या मार्गाचे दुबळेपण २०२५ च्या मार्चमध्ये उघडे पडले. काँग्रेसला त्या वर्षाचे नेहमीचे अर्थसंकल्पीय कायदे करता आले नाहीत, वर्षभरासाठी तात्पुरता खर्चाचा कायदा झाला आणि त्यात एकही इअरमार्क नव्हता. गावांनी केलेली जुळवाजुळव, घेतलेले ठराव, गोळा केलेली पत्रे, सगळे तसेच राहिले. लोकप्रतिनिधीच्या मर्जीने मिळालेले काम संसदेच्या एका अपयशाने हातचे जाऊ शकते.

याउलट नियमातली चूक दाखवून दिली तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण इंटरनेटच्या नकाशाचे आहे. देशात कुठे ब्रॉडबँड आहे आणि कुठे नाही, हे केंद्रीय दळणवळण आयोग कंपन्यांकडून भरून घेतलेल्या एका फॉर्मवरून ठरवत असे. जनगणनेसाठी देशाचे जे छोटे तुकडे पाडलेले असतात, त्यांतल्या प्रत्येक तुकड्याविषयी कंपनीने सांगायचे की इथे आम्ही सेवा देतो किंवा देऊ शकतो. त्या तुकड्यातल्या एकाच घराला सेवा मिळत असली तरी सगळा तुकडा 'सेवा असलेला' म्हणून रंगवला जाई. शहरात हा तुकडा म्हणजे एखादी गल्ली. तिथे चूक फारशी पडत नसे. पण ग्रामीण भागात तो कित्येक चौरस मैलांचा असू शकतो. हमरस्त्यालगतच्या एका घराला जोडणी आहे, म्हणून डोंगरामागच्या शेतकऱ्यालाही ती आहे असे कागदावर ठरत असे आणि तिथे तार टाकायला अनुदान मिळत नसे. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या माणसाला हा नकाशा पाहून चूक कळणे शक्यच नव्हते. ती कळत होती मुलांचा गृहपाठ होत नाही म्हणून हैराण झालेल्या शाळेच्या अधीक्षकाला आणि त्याच्याकडून कमिशनरला. ग्रामीण भागांतून आलेल्या या तक्रारींचा रेटा इतका वाढला की दोन्ही पक्षांनी मिळून मार्च २०२० मध्ये नवा कायदा केला. तुकड्यांऐवजी एकेका इमारतीची नोंद करायची आणि स्थानिक संस्थांना नकाशावर आक्षेप घेता आला पाहिजे, हे त्यात आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा नकाशा निघाला.

या बदलाचे मोल लगेच दिसले. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात ब्रॉडबँडसाठी ४२.४५ अब्ज डॉलर ठेवले होते आणि जून २०२३ मध्ये राज्यांना ते वाटताना सेवा न मिळालेल्या ठिकाणांची मोजणी याच नव्या नकाशावरून झाली. जुन्या नकाशावर वाटप झाले असते तर न दिसणाऱ्या घरांचा पैसाही न दिसणाराच राहिला असता. पैशाची वाट पुढेही सरळ नव्हती. अटी बदलत गेल्या, वर्षे लोटली, जोडण्यांना उशीर झाला आणि त्याबद्दलची टीका रास्त आहे. तरीही मुद्दा टिकून राहतो. एखाद्या कमिशनरने आपल्या काउंटीसाठी तारेचे काम मंजूर करून घेतले असते तर त्याची काउंटी जोडली गेली असती. मोजण्याची पद्धत बदलल्याने ज्या काउंटीचा कमिशनर कधी कुणाला भेटलाच नाही तीसुद्धा मोजली गेली.

कोविड महामारीच्या काळातल्या मदतीतही हेच दिसते. २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनमधून राज्ये आणि स्थानिक संस्थांना ३५० अब्ज डॉलर मिळाले, त्यांतले ६५.१ अब्ज लोकसंख्येच्या प्रमाणात थेट प्रत्येक काउंटीसाठी होते. अर्जांची स्पर्धा नव्हती. पण पहिल्या मसुद्यात एक मेख होती. महामारीत बुडालेल्या महसुलाएवढी रक्कम सामान्य कामांवर मोकळेपणाने खर्च करता येणार होती आणि ती किती, हे एका किचकट सूत्राने काढायचे होते. मोठ्या शहरांच्या लेखापालांना ते जमले असते. गावच्या कारकुनाच्या मात्र नाकी नऊ आले असते. स्थानिक संस्थांनी आणि त्यांच्या संघटनांनी ही अडचण लावून धरली. जानेवारी २०२२ च्या अंतिम नियमात अर्थखात्याने सवलत दिली: सूत्र लावायचे नसेल तर एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम बुडालेला महसूल म्हणून सरसकट धरता येईल. बहुतेक छोट्या संस्थांना मिळालेली सगळीच रक्कम या मर्यादेत बसली. एका वाक्याच्या बदलाने हजारो गावांचा कागदी ताप वाचला. त्या वाक्याची किंमत कुठल्याही एका पुलापेक्षा जास्त होती, तरी त्याच्या उद्घाटनाची फीत कापता येत नाही म्हणून ते कुणाच्या भाषणात येत नाही.

रुग्णालयांची कहाणी अजून अपुरी आहे, आणि तिथे स्थानिक माहितीची गरज सर्वांत जास्त आहे. १९९७ च्या कायद्याने दूरच्या भागातल्या छोट्या रुग्णालयांना वेगळा दर्जा दिला. पुढच्या बदलांनंतर त्याच्या अटी अशा ठरल्या: खाटा २५ पर्यंत, दुसरे रुग्णालय साधारण ३५ मैलांच्या आत नसावे आणि वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने, म्हणजे मेडिकेअरने, खर्चाच्या १०१ टक्के परतफेड करावी. २०१३ पासून खर्चकपातीच्या कायद्याने मेडिकेअरच्या देण्यांतून २ टक्के कापले जाऊ लागले आणि कागदावरच्या १०१ चे हातात ९९ च्या आसपास उरले. २०१० नंतर शंभरहून अधिक ग्रामीण रुग्णालये बंद पडली. त्यावर उपाय म्हणून १ जानेवारी २०२३ पासून 'ग्रामीण आपत्कालीन रुग्णालय' असा नवा दर्जा आला. रुग्णालयाने खाटा सोडायच्या, चोवीस तास आपत्कालीन सेवा चालू ठेवायची आणि त्याबदल्यात दरमहा अडीच लाख डॉलरहून अधिक ठरावीक रक्कम घ्यायची. ऐकायला हे आकर्षक वाटते. पण हा दर्जा घेतला की स्वस्त दराने औषधे मिळवून देणारी केंद्राची योजना हातची जाते आणि शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसाला गावातच काही दिवस ठेवण्याची सोयही बऱ्याच अंशी जाते. हे गणित आपल्या गावाला परवडते का, हे स्थानिक प्रशासकालाच सांगता येते. 'आमचे रुग्णालय वाचवा' असे निवेदन दिले तर सदस्य सहानुभूती दाखवील. 'या दर्जात औषधांची सवलत कायम ठेवा, मग आम्ही तो घेऊ' असे सांगितले तर त्याच्या हाती दुरुस्तीचा मसुदाच पडतो. २०२५ च्या कायद्याने ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांत ५० अब्ज डॉलर ठेवले आहेत, पण त्यांतली निम्मी रक्कम मंजुरी मिळालेल्या राज्यांत समान वाटायची आहे, मग त्या राज्यात ग्रामीण माणसे थोडी असोत की पुष्कळ. बैठकीत बोलायचे तर हे वाटपाचे सूत्र बोलण्याजोगे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की स्पर्धा वाईट कशी? पैसा करदात्याचा आहे. ज्याची योजना चांगली त्याला तो मिळावा, सरसकट वाटला तर उधळपट्टी होईल. आक्षेपात तथ्य आहे. सूत्राने वाटलेला पैसाही वाया जातो आणि त्याचे हिशेब तपासलेच पाहिजेत. पण अर्जांच्या स्पर्धेत गरज मोजली जात नाही, अर्ज लिहिण्याचे कसब मोजले जाते. ज्या गावाच्या नळाला गढूळ पाणी येते आणि ज्याच्याकडे अर्ज लिहायला माणूस नाही, ते गाव परीक्षेला बसतच नाही. मग निकालावरून गुणवत्ता कशी ठरवायची? मधला मार्ग निघाल्याचे उदाहरणही अमेरिकेतच आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेला अपालाचियन प्रादेशिक आयोग १३ राज्यांतल्या ४२३ काउंट्यांसाठी काम करतो. तो काउंट्यांची आर्थिक स्थिती पाहून त्यांचे वर्ग पाडतो. सर्वांत हलाखीतल्या काउंटीला खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते, मध्यम स्थितीतल्या काउंटीला ५० टक्क्यांपर्यंत. शिवाय काउंट्यांच्या गटांसाठी असलेल्या स्थानिक विकास संस्था अर्ज तयार करायला हात देतात. स्पर्धा ठेवायची तर निदान सगळ्यांना मैदानापर्यंत येता यावे, एवढी तजवीज इथे आहे.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे. माणसे जिथे राहायची नाहीत तिथे रस्ते, तारा आणि रुग्णालये टिकवण्यावर शहरांनी पैसा का ओतावा? हा प्रश्न १९३० च्या दशकातही विचारला गेला होता. तेव्हा शहरांतल्या सुमारे ९० टक्के घरांत वीज होती आणि शेतांवरच्या दहांपैकी जेमतेम एका घरात. दोन घरांमधल्या अंतराचा खर्च भरून निघत नाही, असे खासगी कंपन्यांचे म्हणणे होते. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्जे दिली आणि कंपन्यांनी अशक्य म्हटलेले काम त्या संस्थांनी करून दाखवले. सहकाराचे बळ ओळखणाऱ्या महाराष्ट्राला हे पटायला हरकत नाही. शिवाय अन्न, लाकूड, वीज, खनिजे आणि पाणी शहराला ग्रामीण भागातूनच येते आणि केंद्राने स्वतःकडे ठेवलेल्या कोट्यवधी एकरांवरचा कर काउंटी कधीच बसवू शकत नाही. म्हणून या मदतीतला बराच भाग देणे म्हणूनच मोजायला हवा. प्रत्येक गावाची प्रत्येक सोय टिकवता येणार नाही, हे मान्य. पण काय टिकवायचे हे ठरवायलाही गावाची माहिती लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: टेबलाभोवती बसलेले अधिकारी सगळ्या गावाच्या वतीने बोलतात का? अलाबामातल्या लाउंड्स काउंटीचे उदाहरण घ्या. तिथली जमीन चिकणमातीची आहे, पाणी मुरू न देणारी. शोषखड्डा खणला तरी पहिल्या मोठ्या पावसात तो भरून मैला अंगणात येतो. त्या मातीत चालेल अशी व्यवस्था बसवणे गरीब कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून कित्येक घरांतून मैला साध्या पाइपने उघड्यावर सोडला जाई, आणि व्यवस्था दुरुस्त करण्याऐवजी रहिवाशांवरच फौजदारी कारवाईचा धाक होता. ही स्थिती देशापुढे आली ती कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या चिकाटीमुळे. केंद्रीय न्यायखात्याने २०२१ मध्ये चौकशी सुरू केली, २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी समझोता झाला आणि २०२५ मध्ये न्यायखात्याने तोच समझोता मोडीत काढला. सार्वजनिक योजनांसाठी आखलेला पैसा विखुरलेल्या घरांच्या अंगणापर्यंत सहज पोचत नाही, आणि अशा घरांची गाऱ्हाणी अधिकाऱ्यांच्या निवेदनात येतीलच याची खात्री नसते. म्हणून बैठक बंद दाराआड होऊ नये, निवेदन आधी जाहीर व्हावे आणि ज्यांच्या अंगणात पाणी साचते त्यांनाही टेबलावर जागा मिळावी. नियमांच्या आग्रहाला हा आक्षेप छेद देत नाही. नियम कुठे अडतो हे ज्याला सोसावे लागते त्यालाच विचारा, असे तो सांगतो.

एक व्यावहारिक शंका उरते. ४३५ मधला एक सदस्य, तोही कदाचित अल्पमतातला. तो कायदा काय बदलणार? त्यापेक्षा एखादे काम पदरात पाडून घेतलेले बरे. या हिशेबात चूक अशी की कायदा बदलणे म्हणजे दरवेळी मोठे विधेयक नसते. खात्याला लिहिलेले पत्र, मसुदा नियमावर नोंदवलेली हरकत, समितीच्या सुनावणीत विचारलेला नेमका प्रश्न, मोठ्या विधेयकात घातलेले एक कलम, हेही त्याच्या अधिकारात असते. ग्रामीण प्रश्न पक्षांच्या रेषेवर सरळ दुभंगत नाहीत, म्हणून वायडेन आणि क्रेग यांना एकत्र येता आले आणि नकाशाचा कायदा दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला. इअरमार्क मागू नयेत असेही नाही. ज्या गावाच्या पाण्याच्या टाकीला आज गळती आहे त्याने नियम बदलेपर्यंत थांबावे, असे सांगणे क्रूरपणाचे होईल. पण टाकी मागताना ती नेहमीच्या योजनेतून का मिळाली नाही, हे दोन ओळींत सोबत सांगितले पाहिजे.

आपल्याकडची मांडणी काही बाबतींत अमेरिकेपेक्षा बरी आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान दिले, वित्त आयोगाचे अनुदान सूत्राने ग्रामपंचायतींपर्यंत येते आणि केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या जिल्हास्तरीय दिशा समितीचे अध्यक्षपद खासदाराकडे असते. तरी खासदाराकडे जाणाऱ्या निवेदनात बहुतेकदा सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिव्यांची यादी असते, कारण वर्षाला पाच कोटींचा खासदार निधी डोळ्यांपुढे असतो. योजनेच्या कोणत्या अटीमुळे गावाचा प्रस्ताव दरवेळी परत येतो, हे त्या कागदावर सहसा नसते.

म्हणून अशा बैठकीचे यश मोजायचे ते वेगळ्या मापाने. निवेदनात निदान तीन गोष्टी असाव्यात: अडणाऱ्या नियमाचे नाव, तो आपल्या गावात कसा अडला याचा कागदपत्रांसह दाखला आणि त्याऐवजी काय लिहावे याचे एक वाक्य. हे लिहायला माणूस नसेल तर तो मिळावा, हीच पहिली मागणी करावी. शेजारच्या चार काउंट्यांनी मिळून एक माणूस ठेवणेही शक्य आहे. वर्षभराने सदस्य पुन्हा आला की नवी यादी हातात देण्याआधी त्याला विचारावे: गेल्या वेळी दाखवलेले ते वाक्य कुठवर पोचले, कोणत्या खात्यात अडले आणि कुणाच्या सहीसाठी? हा प्रश्न दरवर्षी विचारला जाणार आहे हे ठाऊक असलेला लोकप्रतिनिधी त्याचे उत्तर तयार ठेवूनच येतो.